ताप उतरला, पण हिवताप गेला का?



या पानावर मी एरवी खते, फवारण्या आणि जनावरांच्या चाऱ्याविषयी लिहितो. आज विषय थोडा वेगळा आहे. दिंडोरी तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. ते वाचले आणि ठरवले की द्राक्षछाटणीवरचा लेख पुढच्या आठवड्यावर ढकलायचा, पण या पत्राचे उत्तर आधी द्यायचे. कारण हा प्रश्न एका घरचा नाही. छाटणीच्या दिवसांत तो कोणत्याही मळ्यावर उभा राहू शकतो.

ताई लिहितात, "आमच्या मळ्यावर छाटणीसाठी पेठकडचे एक जोडपे दरवर्षी येते. यंदा माझ्या दहा वर्षांच्या मुलाला थंडी वाजून ताप भरला. आशाताईंनी मुलाचे आणि मळ्यावरच्या सगळ्यांचेच रक्त तपासले. मुलाच्या रक्तात हिवताप निघाला, आणि त्या मजुराच्याही. पण त्याला ताप नाही, अंगदुखी नाही. तो रोज कात्री घेऊन कामावर. हे कसे? दुसरे, मुलाचा ताप एका रात्रीत घाम येऊन उतरला. सासूबाई म्हणतात, आता एवढ्या गोळ्या पोराच्या पोटात कशाला? आणि तिसरे, घरात सगळे म्हणतात की त्या जोडप्याला गावी पाठवून द्या. तुमचे मत काय?"

मी पडलो पिकाचा माणूस, माणसांचा डॉक्टर नव्हे. तरी शेतीचे शिक्षण घेतलेल्याला रोग आणि रोगप्रतिकार हा विषय परका नाही. शिवाय जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांपुढे हे पत्र ठेवून मी चर्चा केली. ताईंच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच गोष्टीत दडलेली आहेत. हिवतापाचा जंतू अंगात शिरला की आपले शरीर काय करते, ती ही गोष्ट.

पहिला आठवडा मुका

हिवतापाचा डास म्हणजे अ‍ॅनॉफिलीस जातीची मादी. ती चावताना आपली लाळ सोडते आणि लाळेबरोबर जंतूची सुईसारखी बारीक बीजे आपल्या कातडीत उतरतात. किती? बहुधा काही डझनच. त्यातली काही कातडीतच अडकून मरतात. बाकीची तासाभराच्या आत रक्तातून यकृतात, म्हणजे आपण ज्याला काळीज म्हणतो तिथे, जाऊन एकेका पेशीत शिरतात.

तिथे आठवडाभर त्यांची वाढ चालते. एका बीजाची हजारो पिले होतात. या काळात माणसाला काहीही होत नाही. ताप नाही, डोकेदुखी नाही, रक्त तपासले तरी काही सापडत नाही.

द्राक्षवाल्यांना हे समजावून सांगायला नको. केवडा, ज्याला आता सगळे डाऊनी म्हणतात, त्याचा तेलकट डाग पानावर दिसतो तेव्हा बुरशी आत शिरून काही दिवस झालेले असतात. पान हिरवेगार दिसत असतानाच घर पोखरलेले असते. हिवतापाचेही तसेच.

मग शरीर या आठवड्यात झोपलेले असते का? अगदीच तसे नाही. जंतू शिरलेली यकृतातली पेशी शेजाऱ्यांना धोक्याचा निरोप देते. काही पहारेकरी पेशी जमा होतात, काही जंतू मारलेही जातात. परंतु ज्याने हा शत्रू पूर्वी पाहिलेला नाही त्याच्या शरीराला ओळख पटवून फौज उभी करायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि जंतूचे यकृतातले काम त्याआधीच संपते. पहिली बाजी बहुतेक वेळा जंतू मारतो.

ताप कोण आणतो?

यकृतातून बाहेर पडलेली पिले रक्तातल्या तांबड्या पेशींवर तुटून पडतात. एक पिल्लू एका पेशीत शिरते, तिच्यातला कस खाते, आणि सुमारे ४८ तासांत दहा-वीस नवी पिले होऊन पेशी फुटते. ती नव्या पेशींत शिरतात. धरून चला की त्यातली दहाच जगली. म्हणजे दोन दिवसांत दहापट, सहा दिवसांत हजारपट, बारा दिवसांत दहा लाखपट! सावकाराच्या व्याजालाही लाजवील अशी ही वाढ आहे.

पेशी फुटते तेव्हा जंतूबरोबर त्याची घाणही रक्तात सांडते. ती घाण पांढऱ्या पेशींना लागली की त्या रक्तात रासायनिक निरोप सोडतात. हे निरोप मेंदूपर्यंत जातात आणि मेंदू अंगाची ऊब वाढवायचा हुकूम देतो. म्हणून आधी हुडहुडी भरते, दोन गोधड्या घेतल्या तरी थंडी जात नाही. मग अंग भट्टीसारखे तापते. आणि काही तासांनी दरदरून घाम येऊन ताप उतरतो. जंतू बाहेर पडण्याची वेळ आणि थंडी भरण्याची वेळ यांचा मेळ इटलीच्या गोल्जी या शास्त्रज्ञाने १८८६ च्या सुमारास घालून दाखवला.

तेव्हा नीट लक्षात घ्या. ताप हा जंतू स्वतः आणत नाही. ताप आपले शरीरच आणते, लढण्यासाठी. जास्त उष्णतेत वाढत्या जंतूंपैकी काही मरतात. त्याच वेळी काही पांढऱ्या पेशी जंतूंना गिळत असतात आणि पाणथरी गाळणीचे काम करते. बिघडलेल्या तांबड्या पेशी ती रक्तातून वेचून काढते. काम वाढले की पाणथरी सुजते. वारंवार हिवताप येणाऱ्या पोरांच्या डाव्या बरगडीखाली हाताला गाठ लागते ती हीच.

आता सासूबाईंच्या म्हणण्याकडे वळू. घाम येऊन ताप उतरला याचा अर्थ लढाई संपली असा नाही. पेशी फुटण्याची एक फेरी संपली, एवढाच त्याचा अर्थ. सुटलेली पिले नव्या पेशींत शिरून बसली आहेत आणि दोन दिवसांनी पुन्हा फुटणार आहेत. जुनी माणसे याला एकांतरा ताप म्हणत. पण एक धोका सांगून ठेवतो. सुरुवातीच्या दिवसांत सगळे जंतू एका तालात नसतात, त्यामुळे ताप रोजही येतो, वेळीअवेळीही येतो. "एकाआड एक येत नाही, म्हणजे हिवताप नव्हे" असे समजून बसू नये. तापाची साधी गोळी घेतली तर अंग हलके वाटते, पण तिने जंतू मरत नाही.

ओळख पटते, पण चोर सोंग बदलतो

आठवडा-दोन आठवड्यांनी शरीराची खास फौज तयार होते. त्यात प्रतिपिंडे असतात. प्रत्येक प्रतिपिंड एका विशिष्ट खुणेला जाऊन चिकटते, जशी एक किल्ली एकाच कुलपाला लागते. आफ्रिकेतील गॅम्बिया देशात १९६१ साली कोहेन, मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन या शास्त्रज्ञांनी हिवतापातून तावून निघालेल्या प्रौढ माणसांच्या रक्तातली प्रतिपिंडे वेगळी काढून आजारी मुलांना टोचली. मुलांच्या रक्तातले जंतू झपाट्याने कमी झाले. या रोगाविरुद्ध माणसाचे शरीर शस्त्र घडवते, याचा तो पक्का पुरावा होता.

मग देवी-गोवरासारखा हिवतापही एकदा येऊन कायमचा का जात नाही? कारण हा जंतू बहुरूपी आहे. घातक हिवतापाचा फाल्सिपॅरम जंतू ज्या पेशीत राहतो तिच्या बाहेर आपली एक खूण लावतो. अशा सुमारे ६० खुणा त्याच्या पोतडीत असतात. शरीर एक खूण ओळखते तोवर तो दुसरी लावतो. त्याच खुणेच्या आधाराने पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसते, म्हणजे पाणथरीच्या गाळणीत जायलाच नको. अशा पेशी मेंदूतल्या वाहिन्यांत साचल्या की माणूस बेशुद्ध होतो. आणि शरीराचा तापही प्रमाणाबाहेर गेला की आपलेच नुकसान करतो. धुंदीत मारलेली काठी चोराबरोबर घरच्यालाही लागते, त्यातला प्रकार.

डांगी आणि संकरित गाय

आता त्या मजुराचे कोडे. इथे मी तुम्हाला गोठ्यात नेतो.

गोचीड-तापाचा थायलेरिया हा जंतू हिवतापाच्या जंतूचा दूरचा भाऊबंद आहे. तोही तांबड्या पेशींत शिरतो. संकरित गाईला तो झाला तर गाय आडवी होते. पण आपल्या इगतपुरी भागातली डांगी गोचिडांतच वाढलेली असते. तिच्या रक्तात जंतू असतो, तरी ती रवंथ करत उभी असते. जंतू आहे, रोग दिसत नाही. कारण तिचा बांधा काटक, आणि वासरूपणापासून तिच्या शरीराने त्या जंतूशी झुंज घेतलेली आहे.

डोंगराळ, पावसाळी मुलुखात ज्यांना लहानपणापासून हिवताप येऊन गेला आहे त्यांचेही असे होऊ शकते. अनेक सोंगे ओळखीची झाल्यामुळे शरीर जंतूची संख्या दाबून ठेवते आणि तापाचा भडकाही उडू देत नाही. पण जंतू पुरता जात नाही. तुमच्या मुलाच्या शरीराने तो प्रथमच पाहिला, म्हणून तिथे भडका उडाला.

ही शक्ती मात्र अर्धवट आहे आणि फार महाग पडते. ती कमावताना किती लेकरे अशक्त होतात, किती दगावतात, ते डोंगरातल्या आईलाच विचारावे. शिवाय काही वर्षे जंतूशी गाठ पडली नाही तर ही शक्ती ओसरते. गरोदरपणी तर ती ऐन वेळी दगा देते. जंतू वारेत साचतो, आईला रक्तक्षय होतो आणि मूल कमी वजनाचे जन्मते. म्हणून "आम्हाला सवय आहे" या बोलण्यावर कोणी विसंबू नये. ताप नसला तरी त्या मजुराने पूर्ण औषध घेतलेच पाहिजे. तसेच त्याच्या बायकोला दिवस गेले असतील तर तिची तपासणी आधी करावी.

आपल्या देशानेही या बाबतीत एकदा ठेच खाल्ली आहे. १९५३ पासून फवारणीची मोहीम चालली आणि १९६५ च्या सुमारास देशातले रुग्ण वर्षाला लाखाच्या आसपास आले. रोग गेलाच असे वाटून ढिलाई झाली, डास औषधाला दाद देईनासे झाले, आणि १९७६ साली रुग्णांचा आकडा ६४ लाखांवर गेला. मी तेव्हा लहान होतो. बोट टोचून काचपट्टीवर रक्त घेणारा आणि भिंतीवर तारीख लिहून जाणारा हिवताप कर्मचारी दारात दिसला की आम्ही पोरे कणगीमागे लपत असू. आज कळते की तो माणूस किती मोलाचे काम करीत होता.

माझी स्वतःची चूक

इतके सांगतो आहे, पण मी स्वतः कोरडा पाषाणच निघालो होतो. २०१३ साली माझी नेमणूक सुरगाणा तालुक्यात होती. ऑक्टोबरात मला हिवताप झाला. व्हायव्हॅक्स जातीचा, म्हणजे साधा समजला जाणारा. तीन दिवसांच्या गोळ्यांनी ताप पळाला. पुढे १४ दिवसांच्या वेगळ्या गोळ्या होत्या. सहाव्या दिवशी मला ठणठणीत वाटले, दौराही होता. पाकीट पिशवीत तसेच राहिले.

व्हायव्हॅक्सची एक खोड आहे. त्याची काही बीजे यकृतात वाढतच नाहीत, झोपून राहतात. शरीराची फौज रक्तात शत्रू शोधत फिरते, त्या झोपलेल्याची तिला दाद नसते. महिन्यांनी ती बीजे जागी होतात. जमिनीत पडून राहिलेले तणाचे बी पहिल्या पावसाला उगवते ना, तसे. १४ दिवसांच्या गोळ्या त्या झोपलेल्या बीजांसाठीच असतात.

जून २०१४ मध्ये मी निफाडला आमच्या घरी होतो. पहिला पाऊस पडून गेलेला. मला पुन्हा थंडी भरली. महिन्याभराने माझ्या धाकट्या भावाच्या सहा वर्षांच्या मुलीला हिवताप झाला. डास माझे रक्त पितो, त्याच्या पोटात जंतू तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात, मग तो दुसऱ्याला चावतो, आणि पुढे दोनेक आठवड्यांनी त्याला ताप येतो. हिशेब बरोबर जुळत होता. पोरीचे रक्त उतरले, ओठ पांढरे पडले. चार दिवस तिला दवाखान्यात ठेवावे लागले. भावाने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि तेच जास्त लागले. पोर वाचली, आता कॉलेजात जाते. पण माझ्या पिशवीत राहिलेल्या आठ दिवसांच्या गोळ्या मी विसरलेलो नाही.

लस आली का?

हा प्रश्न गावोगाव विचारला जातो. होय, लस निघाली आहे, आणि तिचा कारखाना आपल्या पुण्यात आहे. इंग्लंडच्या ऑक्सफर्ड विद्यापीठाने तयार केलेली आर-२१ ही लस सीरम इन्स्टिट्यूट बनवते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली. डास जे पहिले बीज सोडतो त्याच्या अंगावरची खूण ही लस शरीराला आधीच दाखवून ठेवते, म्हणजे मुक्या आठवड्यात हरणारी बाजी जिंकता यावी. लशीचा जोर वाढवण्यासाठी चिली देशातल्या एका झाडाच्या सालीतले द्रव्य वापरतात. आपल्या रिठ्याला फेस आणणारे द्रव्य त्याच जातीचे.

पण ही लस फाल्सिपॅरम जंतूपुरती आहे, चार मात्रांत द्यावी लागते, आणि मुख्यतः आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी वापरली जाते. व्हायव्हॅक्सला तिचा उपयोग नाही. तेव्हा आपल्या मळ्यावर भरवसा ठेवायचा तो रक्त तपासणीवर, पूर्ण औषधावर आणि डास हटवण्यावर.

आता करायचे काय?

१) ताप आला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी रक्त तपासावे. सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे ते फुकट होते. अगदी सुरुवातीला जंतू थोडे असतात, म्हणून तपासणीत काही निघाले नाही आणि ताप चालूच राहिला तर एक-दोन दिवसांत पुन्हा तपासावे.

२) औषध जंतूच्या जातीप्रमाणे ठरते. व्हायव्हॅक्सला ३ दिवसांच्या गोळ्या आणि पुढे १४ दिवसांच्या प्रायमाक्विनच्या. फाल्सिपॅरमला वेगळ्या. मात्रा वयाप्रमाणे डॉक्टर ठरवतील. दुकानातून अंदाजाने आणू नयेत. उपाशीपोटी घेऊ नयेत.

३) प्रायमाक्विन गरोदर बाईला व तान्ह्या मुलाला देत नाहीत. काही लोकांच्या तांबड्या पेशींत जन्मजात उणीव असते, त्यांना ती बाधते. लघवी काळपट चहासारखी झाली तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठावा.

४) झटके, गुंगी, सारख्या उलट्या, डोळे पिवळे होणे, धाप लागणे, यातले काही दिसले तर रात्र काढू नका. तसेच निघा.

५) हा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून जनावरांचा हौद आठवड्यातून एकदा कोरडा करून घासावा. शेततळ्यात गप्पी मासे सोडावेत. पाटाचा पाझर साचत असेल तिथे चर काढून पाणी वाहते करावे. मजुरांच्या खोपटातही मच्छरदाणी द्यावी.

ताई, तुमचा तिसरा प्रश्न राहिला. त्या जोडप्याला पाठवू नका. जंतू त्याने आणला की मळ्यावरच्या डासाने त्याला दिला, हे कोणीही सांगू शकणार नाही. त्याला औषध न देता गावी पाठवले तर तो जंतू घेऊन जाईल आणि तिथल्या लेकरांत वाटेल. आणि पुढच्या वर्षी मजूर ताप लपवील, रक्त द्यायला पुढे येणार नाही. मग तुमच्या मुलाला धोका वाढेल की कमी होईल, तुम्हीच विचार करा. तुमचा मुलगा आणि तो मजूर, दोघांनाही एकाच वेळी, तुमच्या डोळ्यांदेखत गोळी द्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करा. चौदाव्या खुणेपर्यंत.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना म्हणावे, काढणी झाली तरी खळे होईपर्यंत आपण धान्य आपले म्हणत नाही. हिवतापाचेही तसेच आहे. ताप उतरला ही काढणी झाली. शेवटची गोळी पोटात गेली की खळे झाले.

पुढील आठवड्यात छाटणीनंतरच्या फवारण्यांविषयी बोलू. तोवर हौद कोरडा करून ठेवा.